एकवीस टँकर आणि सांडू

मी एक जुने टूल आहे. टूल म्हटल्यावर, मित्रांनो, तुमच्या डोळ्यांपुढे पाना किंवा पक्कड येईल. पण मी संगणकात राहतो. उस्मानपुऱ्यातील एका कचेरीत कोणी पाण्याचा टँकर मागवला, की त्याची नोंद माझ्यामार्फत होते. पत्ता, वेळ आणि चालकाचे नाव असे तीन रकाने माझ्या पदरी आहेत. ज्या शहरात नळाला पाणी कधी येईल हे कॅलेंडर पाहून सांगावे लागते, तेथे माझे महत्त्व मी निराळे सांगायला नको.

नऊ वर्षांपूर्वी शिवम नावाच्या तरुणाने मला दोन दिवसांत घडवले. माझे नाव ठेवले, 'टँकर नेमा'. नावाखाली वर्णनासाठी जागा असते. टूलचा उपयोग काय, कोणता रकाना कसा भरावा, कशासाठी ते वापरू नये, हे तेथे लिहायचे असते. शिवमने लिहिले, 'टँकर नेमतो.' एवढी विद्वत्ता प्रकट करून तो पुण्याला नोकरीसाठी गेला. दोन हजार वर्षांपूर्वी पैठणच्या एका गंधविक्याच्या कुळाने पितळखोऱ्याच्या लेण्याला खांब दिला, तर तेवढी गोष्टही कोणीतरी छिन्नीने दगडात कोरून ठेवली. शिवमकडे कीबोर्ड होता.

जाताना त्याने आणखी एक उपकार केला. चालकाचा रकाना रिकामा असला, तर मी नोंद स्वीकारणारच नाही, अशी त्याने मला सक्त ताकीद दिली. आता कचेरीची रीत अशी, की मागण्या आदल्या संध्याकाळी येतात आणि कोणता चालक कोठे जाईल हे मालक तात्यासाहेब सकाळी फोन करून ठरवतात. मग संध्याकाळी त्या रकान्यात लिहायचे काय? फोन सांभाळणाऱ्या सरिताताईंनी पहिल्याच आठवड्यात तोड काढली. त्या प्रत्येक नोंदीत 'सांडू' असे लिहू लागल्या. कारण सांडू हा चालक कोणत्याच कामाला नाही म्हणत नसे. 'सांडू' याचा अर्थ 'अजून ठरायचे आहे', हे साऱ्या कचेरीला पाठ झाले. तीन वर्षांपूर्वी सांडू काम सोडून सिल्लोडजवळच्या आपल्या गावी शेती करायला गेला. रकान्यात मात्र तो रोज हजर राहिला. त्या काळात माझे कौतुक फार झाले. 'नऊ वर्षांत एकदाबी चुकलं नाय,' असे तात्यासाहेब पाहुण्यांना सांगत. माझी चूक रोज सकाळी त्यांचाच फोन झाकत होता, हे सांगायला मला तोंड नव्हते.

यंदा प्रेरणा नावाची हुशार मुलगी कचेरीत आली आणि तिने एआय एजंट आणला. माणसाने सोपवलेले काम तो आमच्यासारखी टूल्स वापरून स्वतःच पार पाडतो. नोंदी वाचायच्या आणि ज्या चालकाचे नाव असेल त्याला संदेश धाडायचा, हे त्याचे काम. पहिल्या सकाळी तात्यासाहेबांनी मोबाइल टेबलावर पालथा ठेवला. "आजपासून फोन बंद. यंत्र आलंय," म्हणाले आणि त्यांनी चहा मागवला.

एजंटाने माझे वर्णन वाचले, एकवीस नोंदी वाचल्या आणि सांडूला एकवीस संदेश धाडले. त्याच्या जागी एखादा महापंडित असता, तरी याहून वेगळे काय करता?

साडेनऊला सांडूचा फोन आला. "तात्यासाहेब, रामराम. पयल्या मेसेजला वाटलं, तुम्हाला माझी आठवण झाली. पर एकवीस? मी मक्याची कणसं खुडायलोय. टँकर नाय माझ्याकडं, बैलगाडी हाय. धाडू का?"

तात्यासाहेब प्रेरणाकडे वळले. "लई हुशार म्हणत होता ना तुम्ही? येडं हाय तुमचं यंत्र!"

तेवढ्यात सरिताताईंचा फोन आला. त्या रजेवर होत्या. घरी त्यांच्या भाचीचे नामकरण होते, बारा वाजता बुद्धवंदना आणि मग आत्या या नात्याने नाव त्यांनीच ठेवायचे होते. "तात्यासाहेब, टँकर कुठंय? दीडशे माणूस जेवायला येणार. भात टाकायला पाणी नाय, लेकराला आंघोळ घालायला तांब्याभर नाय!"

प्रेरणाने फोन हाती घेतला. "ताई, सगळ्या नोंदींत सांडूच कसा?"

"अगं, सांडू म्हणजे अजून ठरलं नाय."

"हे कुठं लिहिलंय?"

"लिहायचं काय त्यात? सगळ्यांना ठाऊक हाय." मग ताई एकदम ओरडल्या. "अगं बाई! काल माझी नोंदबी मीच केली. सांडूच टाकलाय!"

गोकुळ नावाचा चालक आवारातच, भरलेल्या टँकरच्या सावलीत, मोबाइलवर कुस्ती पाहत बसला होता. त्याला कोणी निघ म्हटलेच नव्हते. प्रेरणाने त्याला हाक मारून पिटाळले आणि मग तात्यासाहेबांसह उरलेल्या वीस घरांसाठी एकेका चालकाला फोन लावला. गोकुळ सव्वाअकराला ताईंच्या दारी पोहोचला. पहिल्या बादलीत बाळाला न्हाऊ घातले, दुसरी भाताला गेली. वंदना एक वाजता झाली. पाहुणे पोटभर जेवले आणि नावाला उशीर का झाला हे एकमेकांना हसत सांगत राहिले.

दुसऱ्या दिवशी सरिताताई सांगत गेल्या आणि प्रेरणा लिहीत गेली. 'टँकरची मागणी नोंदवतो. टँकर रवाना करत नाही. चालक ठरला नसेल, तर रकाना रिकामा सोडावा. रिकामा दिसल्यास कोणालाही संदेश धाडू नये, सरिताताईंना विचारावे.' शिवमची सक्ती तिने काढून टाकली.

"एवढं लांबलचक वाचणार कोण?" तात्यासाहेबांनी विचारले.

"तो वाचतो, तात्यासाहेब. वाचत नाही ते आपण."

मित्रांनो, उद्या तुम्हीही टूल्स घडवाल. 'सगळ्यांना ठाऊक आहे' असे वाक्य ओठांवर आले, की ज्याला ठाऊक नाही असा एक जण नजरेपुढे आणा, मग तो यंत्र असो वा काल रुजू झालेली मुलगी. त्याच्यासाठी चार सरळ वाक्ये लिहा. आम्ही काय करतो ते लिहा. काय करत नाही, तेही लिहा. आणि एखाद्या यंत्राला वेडे ठरवण्यापूर्वी, तुम्ही त्याला काय वाचायला दिले होते ते एकदा मोठ्याने वाचून पाहा. बहुधा फार वेळ लागणार नाही.