वाळूच्या तळाशी निळा रंग

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा. समोर कमरेएवढ्या उंचीची एक लाकडी पेटी आहे असं समजा. पेटीत बारीक, कोरडी वाळू आहे. तुम्ही बोटांनी ती बाजूला सारता आणि खालून निळा रंग दिसतो, जणू पाणीच लागलं. दिसली पेटी? तीच मी. मी एक जुनी वाळूची पेटी आहे.

मला घडवणारे सुतारकाका मोठे बोलके होते. रंग देताना ते म्हणाले, "बाई, आत वाळू येणार. मग तळ निळा करून बघणार कोण?"

"जो उकरेल तो बघेल," डॉक्टरबाई म्हणाल्या.

या बाई मनाच्या डॉक्टर. त्यांच्या खोलीत ना सुई, ना कडू औषध. फक्त मी आणि भिंतीवरच्या फळ्यांवर चिमुकली घरं, माणसं, पूल, प्राणी. मोडकी खेळणीही बाई टाकून देत नसत. म्हणत, "मोडकंच हवं असतं कुणाला तरी." मूल माझ्यात जे मांडेल त्याला ते घरी जाईपर्यंत कुणी हात लावायचा नाही, हा खोलीचा नियम. लोक हसत. "एवढं शिकून शेवटी वाळूतच खेळायचं?" असंही एका आजोबांनी ऐकवलं. खोलीच्या रंगकामात मला गॅलरीत ठेवलं होतं, तेव्हा एका मांजरीने माझा भलताच उपयोग करून घेतला. सगळी वाळू बदलावी लागली. असो.

एकदा मावशीचं बोट धरून एक मुलगी आली. घरी तिला मुंगी म्हणत. ती लहान असताना तिला सांभाळणारी बाई, ती रडली की तिला अडगळीच्या खोलीत कोंडायची. शेजाऱ्यांमुळे ते उघडकीला आलं आणि त्या बाईला काढून टाकलं. पण पुढे घरात तो विषय कुणी काढला नाही. पोर विसरली असेल, असंच सगळे धरून चालले. मुंगी मात्र झोपेला घाबरायची आणि वर्गात बाकावर पेंगायची.

कितीतरी दिवस ती नुसती माझ्या कडेवरून बोट फिरवत राहिली. बाईंनी घाई केली नाही. मग एकदा तिने एक कान तुटलेलं काळं अस्वल उचललं, वाळूत खोल पुरलं आणि वर विटा रचल्या.

"स्वप्नात दार असतं," ती पुटपुटली. "पलीकडून कुणीतरी ओरखडतं."

"उघडून बघायचं?"

"नको."

"बरं, नको."

दर खेपेला अस्वल पुरलं जाई. बाहेर मावशी कुरकुरत, "हे असं किती दिवस चालणार हो?" बाई समजावत, "मनात जे दडपलं जातं ना मावशी, ते स्वप्नात सोंग घेऊन येतं. त्याला हाकलायचं नाही. काय हवंय, ते विचारायचं." मग एक दिवस त्यांनी मुंगीला विचारलं, "त्याला तुझ्याकडे आत यायचंय, की तिथून बाहेर पडायचंय?"

मुंगीने अस्वलावरची एक वीट उचलली, परत तिथेच ठेवली आणि ती घरी गेली.

पुढच्या खेपेला तिने आल्या आल्या अस्वल पुरलं, त्यावर फळीवरचं चिमुकलं दार मांडलं, दारापाशी एक बाहुली ठेवली आणि ती हात धुवायला गेली. बाईंना फोन आला म्हणून त्या बाहेर गेल्या. तेवढ्यात मावशी आत डोकावल्या. त्या फार टापटिपीच्या. त्यांनी दार-बाहुली फळीवर नीट ठेवली आणि तळहाताने माझी वाळू इस्त्री केल्यासारखी सपाट केली. अस्वल तसंच खाली राहिलं.

मुंगी दारात थबकली. "का पुसलंस?"

"अगं, पसारा पडला होता. आवरला."

"पसारा नव्हता तो. माझं स्वप्न होतं." कधी आवाज न चढवणारी मुंगी ओरडली. "तुम्ही सगळे नेहमी असंच करता."

बाई परत आल्या होत्या. त्या मावशींवर रागावल्या नाहीत, मुंगीला गप्पही केलं नाही. इतकी वर्षं मी त्यांना पाहते आहे, पण त्या क्षणी त्यांच्याविषयी वाटलेला आदर काही वेगळाच. त्या एवढंच म्हणाल्या, "मावशी, बसा. काय होतं ते तिलाच विचारा."

मावशी पर्स मांडीवर घेऊन स्टुलावर टेकल्या. "काय होतं गं, राणी?"

"अस्वल. मला वाटायचं ते मला खायला येतंय. पण तेच आत कोंडलंय. माझ्यासारखं."

मावशींनी पर्स खाली ठेवली. मग हळूच म्हणाल्या, "खूप वेळ कोंडायची का गं ती?"

"खूप. मी हाका मारायचे. कुणी यायचंच नाही."

मित्रांनो, मी साधी लाकडाची. पण एवढं सांगते, कुणी आपलं भय तुमच्यासमोर मांडलं तर ते आवरायला धावू नका. शेजारी बसा.

मावशींनी डोळे पुसले. मुंगीने त्यांचा तो ओला हात धरला, माझ्या वाळूवर टेकवला आणि म्हणाली, "इथे उकर. पण हळू, ते घाबरलंय." आणि मावशींच्या बोटांशेजारी तिने स्वतःचीही बोटं वाळूत घातली.