पथकाच्या दिवशी

“वय?”

“चार वर्षं, दोन महिने,” कल्पिताबाईंनी तत्परतेने सांगितलं.

“मुलीचं नव्हे, आईचं.”

सत्यवतीने पदर सावरला. “शेचाळीस.”

डॉक्टरीणबाईंनी मान वर करून पाहिलं. असं पाहणं सत्यवतीच्या अंगवळणी पडलं होतं. लग्नाला बावीस वर्षं झाल्यावर ही मुलगी, प्राप्ती, झाली. लसीच्या रांगेत ती सुनांच्या वयाच्या पोरींमागे उभी राहायची आणि नवी आलेली नर्स तिला हमखास आजी म्हणायची.

कल्पिताबाई सोबत आल्या होत्या त्या अंगणवाडीच्या सेविका म्हणून. म्हसळ्याच्या आतल्या गावात एकोणीस वर्षं त्यांची अंगणवाडी. पोरं रांगेत, नखं कापलेली, वजनाची नोंद ज्या त्या तारखेला. त्यांच्या कामाला कुणी कधी नावं ठेवली नव्हती, आणि ही गोष्ट बाईंना जरा जास्तच ठाऊक होती.

प्राप्ती कोपऱ्यात बसून स्टुलाचं चाक फिरवत होती. तासाभराच्या तपासणीनंतर डॉक्टरीणबाईंनी स्वमग्नता हा शब्द सांगून टाकला होता. लाडाने असं होत नाही, तुमचा काही दोष नाही, हेही सांगितलं होतं. आता त्या कागद चाळत होत्या.

“पण उशीर झालाय, आई. दीड-दोन वर्षांची असतानाच दाखवायला हवं होतं. अंगणवाडीत तपासणीचं पथक आधी दोनदा आलं, दोन्ही वेळा मुलगी गैरहजर. तुम्ही काही विशीतल्या नाही. समजायला हवं होतं.”

सत्यवतीने मान खाली घातली.

समजलं तर तिलाच आधी होतं. पोरगी दीड वर्षाची असताना ती अंगणवाडीच्या दारात आली होती. “बाई, हाक मारली तरी ही बघत न्हाय. कान बरे हायत, पातेलं पडलं की दचकते. डॉक्टरला दाखवू का?”

“वहिनी, बावीस वर्षांनी पोर झालंय तुम्हाला. शिंकलं तरी दवाखाना आठवायचाच,” बाई हसून म्हणाल्या होत्या. “वजन बघा किती छान हाय. बोलेल हो.” दारातल्या पोरसवदा आयाही हसल्या होत्या. सहा महिन्यांनी सत्यवतीने पुन्हा विचारलं, पुन्हा तेच उत्तर मिळालं. मग तिने विचारणं सोडलं.

पुढे प्राप्ती अंगणवाडीत येऊ लागली. पथकाबरोबर पर्यवेक्षिका यायच्या, वर्ग नीटनेटका दिसायला हवा. म्हणून आदल्या संध्याकाळी बाई मदतनीस बायजाकडून निरोप धाडायच्या, उद्या प्राप्तीला पाठवू नका. रडकी, चावरी पोरं त्या दिवशी घरीच ठेवायची, ही रीतच पडून गेली होती. जिच्यासाठी पथक यायचं तीच घरी, हे बाईंच्या कधी ध्यानातच आलं नाही. तिसऱ्या खेपेला पथक न कळवता आलं, तेव्हा कुठे प्राप्ती पथकातल्या डॉक्टरांच्या नजरेला पडली आणि त्यांनी तिला इथे पाठवलं.

डॉक्टरीणबाई लिहू लागल्या. कल्पिताबाईंनी तोंड उघडलं नसतं तरी चाललं असतं, कागद त्यांच्याच बाजूने होता. पण शेजारी बसलेल्या सत्यवतीने खाली घातलेली मान त्यांना बघवेना. त्यांना स्वतःची लाज वाटली.

“मॅडम, मुलगी आपणहून गैरहजर नव्हती. मीच घरी ठेवायला सांगितलं. दोन्ही वेळा.”

पेन थांबलं. डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग सत्यवतीकडे. “मग तुम्ही मघापासून गप्प का? तुम्हाला शंका आली असेल तर तेव्हाच कुणाला तरी सांगायचंत.”

“सांगितलेलं,” सत्यवती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. “ह्यांनाच.”

पुढची तारीख मिळाली. सत्यवतीने प्राप्तीला कडेवर घेतलं. टेबलावरची फाईल उचलायला बाईंनी हात पुढे केला.

“राहू द्या, बाई,” सत्यवती म्हणाली आणि फाईल तिने आपल्या पिशवीत ठेवली.