नव्वद टक्क्यांशेजारचा चार

मित्रांनो, मी एक जुना कॉम्प्युटर हाय, आन आज लई चिडलोय. सोलापुरातल्या एका कॉलेजच्या लॅबबाहेर, झाडूशेजारी, मला भुईवर ठेवलंय. पडद्याला भेग न्हाय, डोकं बी शाबूत हाय. तरी नाव काय पडलं? खोटारडा!

मी आलो तवा मला हार घातला व्हता, नारळ फोडला व्हता. माझं काम सांगतो. प्रोटीन म्हंजी अमिनो आम्लांची लांब साखळी, कागदावर एकेकाला एक अक्षर. पोरं मला एक साखळी देनार, मी जगभरातल्या साखळ्यांच्या साठ्यात हुडकनार आन तिच्यासारखी कोन हाय ते सांगनार. मी दोन आकडे देतो. एक, किती टक्के जुळलं. दुसरा ई-व्हॅल्यू, म्हंजी येवढ्या साठ्यात असल्या जुळन्या नुसत्या योगायोगानं किती सापडतील. तो शून्याच्या लई जवळ असला तरच नातं माना. आमच्या सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत तुमच्यासारखाच लाल शर्ट घातलेला पोरगा दिसला, तर तो काय तुमचा भाऊ व्हतो का? आन जत्रा जेवढी मोठी, तेवढे लाल शर्ट जास्त.

रेश्मा माझी लाडकी. रोज माझा कीबोर्ड पुसायची. माळशिरसला तिच्या सयाजीकाकांची डाळिंबाची बाग. तिथल्या झाडाच्या एका प्रोटीनची साखळी तिनं मला दिली. ते तेल्या रोगाला अडवनारं निघावं, असं तिच्या लई मनात. अख्खी साखळी कशाशीच जुळंना. मग तिनं बारका तुकडा तोडून दिला. रोग अडवनाऱ्या एका प्रोटीनशी नव्वद टक्के! शेजारीच मी लिवलं, ई-व्हॅल्यू चार.

"अगं, चार हाय! असले तर उगंच सापडत्यात," तिचा जोडीदार यशपाल म्हनला.

"गप रे. नव्वद समद्यास्नी कळतंय. चार कुनाला कळतोय?"

तिनं पोस्टरवर नव्वद छापलं, माझा चार उडवला. बक्षीस मिळालं. वर काकांना फोन. "काका, तुमच्या झाडास्नी तेल्या व्हत न्हाय. फवारनी बंद करा."

पुढच्याच बहाराला काका पिशवी घेऊन लॅबमधी आले. टेबलावर डाळिंबं ओतली. काळ्या डागांची, तडकलेली.

"तू सांगितलंस म्हून थांबलो की, पोरी."

रेश्मानं माझ्याकडं बोट केलं. "मशीनच जुनं हाय, काका. त्यानंच चुकीचं सांगितलं."

मला तोंड असतं ना, मित्रांनो!

यशपाल तटकन उठला. शेजारी नवा कॉम्प्युटर नुकताच आला व्हता. त्यानं तोच तुकडा त्याला दिला. नव्वद टक्के. ई-व्हॅल्यू पाच. साठा वाढलाय की, जत्रा मोठी झाली.

काकांनी पडद्यावर बोट ठेवलं. "ह्यो पाच कसला गं?"

रेश्मा खाली बघत डाळिंबं पिशवीत भरू लागली. माझ्याकडं एकदा बी बघितलं न्हाय. आन संध्याकाळी बाहेर कोन गेलं? मीच!

मित्रांनो, आमाला हार घालू नका, पुसलं न्हाय तरी चालंल. आमी लिवलेलं समदं तेवढं वाचा. न आवडनारा आकडा झाकायचाच आसंल, तर नंतर आमच्याकडं बोट करू नका.