आबांचा शिंगवाला बेडूक

पाचव्या महिन्यात डॉक्टरांनी पुनमला सांगितलं, बाळंत होईपर्यंत अंथरुणावरून उठायचं नाही. नवरा हितेंद्र सुरतेला कापड मार्केटात कामाला, पंधरा दिवसांनी घरी यायचा. एरंडोलजवळच्या त्या घरात ती आणि सासरे उखर्डू आबा, एवढेच. सासूबाई तिच्या लग्नाआधीच गेलेल्या. शेजारच्या मंजुळाबाई दोन्ही वेळचा स्वयंपाक करून जात. आबा सुनेशी दिवसातून दोन-चार शब्द बोलत, तेही दाराबाहेर उभं राहून.

तिला करमावं म्हणून हितेंद्रने आपलं गेमचं मशीन आणून दिलं. रानात हिंडून चित्रविचित्र प्राणी पकडायचे, वाढवायचे, दुसऱ्यांच्या प्राण्यांशी झुंजवायचे, असा खेळ. लहानपणी तो मामाकडे हाच खेळायचा. आता तोच खेळ नव्याने करून बाजारात आला होता.

"जुना लई अवघड होता," हितेंद्र म्हणाला. "यात पावलोपावली सांगतात. तुला जमेल."

एका दुपारी पुनम ओरडली, "गेले! सगळे गेले!"

ओट्यावर बसलेले आबा धावत आत आले. "काय झायं व बेटा?"

पुनमला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने मशीन पुढे केलं. "खेळातले प्राणी, आबा. झुंजीत हरले."

"मरी गयात?"

"नाही, बेशुद्ध पडले. दवाखान्यात नेलं की बरे होतात."

"मंग लई जाय ना! बठी काय राहिनी?"

दोघंही हसली. त्या दिवशी आबा पहिल्यांदा खोलीत बसले, सगळे प्राणी शुद्धीवर येईपर्यंत.

मग रोजचंच झालं. शेतातून आले की हातपाय धुऊन आबा खाटेजवळ खुर्ची ओढत. "आज काय सापडनं?" विचारत. त्यांच्या जाड अंगठ्याखाली दोन-दोन बटणं दाबली जायची, पण आठवड्याभरात त्यांनीही एक प्राणी पकडला. शिंगं फुटलेला बेडूक होता तो. आबांनी त्याचं नाव पवळ्या ठेवलं आणि झुंजीला पाठवायला साफ नकार दिला. "त्याले लागी ना."

तारखेला अजून सहा आठवडे होते. खेळता खेळता पुनमच्या पोटात कळ आली. ती काही बोलली नाही, पण आबांनी तिचा चेहरा पाहिला. पळत जाऊन त्यांनी शेजारच्या लीलाधरला गाडी काढायला लावली. मंजुळाबाई मागे बसल्या. जळगावला पोचल्यावर तासाभरात मुलगी झाली.

"आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं," डॉक्टर म्हणाल्या.

पुनम पडल्या पडल्या विचार करत राहिली. आबा पूर्वीसारखे बाहेर बसले असते, तर संकोचापायी तिने हाकच मारली नसती. संध्याकाळी ते आत आले, तेव्हा ती म्हणाली, "आबा, तुम्ही जवळ होतात म्हणून आम्ही दोघी आहोत."

आबांनी मान खाली घातली. त्यांचे डोळे भरून आले होते. ते पुसत म्हणाले, "बेटा, घाईमा ते मशीन तसंच राही गयं. आपलं बठ्ठं गयं व्हई ना?"

"नाही आबा, काहीच गेलं नाही. नव्या खेळात सगळं आपोआप जपून राहतं."

"पवळ्या बी?"

"पवळ्याही."

आबांनी मोठा श्वास सोडला आणि नातीला बघायला पुन्हा लवकर जन्मलेल्या बाळांच्या खोलीच्या काचेपाशी गेले. नर्सने दोनदा हटकलं, तरी तिथून हलले नाहीत.