अंगणातल्या चौदा कड्या

दगडातला तो ठसा एकतीस सेंटीमीटर लांब आहे. पंजापाशी साडेअकरा रुंद, टाचेपाशी साडेसात. खोली कुठेही अठरा मिलिमीटरच्या पुढे जात नाही. मी चौदा वर्षांची असताना तो पहिल्यांदा मोजला, तेव्हा लांबी तीनशे आठ मिलिमीटर भरली होती. म्हणजे एकोणतीस वर्षांत दोन मिलिमीटरची वाढ. यात्रेकरू त्यावर ओठ टेकवतात, रुमाल घासतात, तेल ओततात. दगड चुनखडीचा आहे, तो झिजणारच. हे मी बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे परत येईपर्यंत ईसांना मोठ्या मापाचे बूट घ्यावे लागणार."

ठसा ज्या घुमटाखाली आहे तो जैतूनच्या डोंगरावर, आमच्या दारापासून चाळीस पावलांवर. ख्रिस्ती लोक मानतात की ईसा, म्हणजे येशू, इथूनच आकाशात गेले आणि जगाच्या शेवटी इथंच उतरतील, आणि त्यांचा पाय लागताच डोंगर मधोमध दुभंगेल. आमच्यात सांगतात की ते उतरतील दमास्कसच्या पांढऱ्या मिनारापाशी. मग लुद गावाच्या वेशीत दज्जालला, म्हणजे त्या शेवटच्या एकडोळ्या महाठकाला, मारतील आणि त्यानंतर नमाजाला इथं कुद्समध्ये, म्हणजे जेरुसलेममध्ये, येतील. घुमट मात्र आठशे वर्षं मुसलमानांकडे आहे आणि त्याची किल्ली पाच पिढ्या आमच्या घरात.

"बाबा, ते दमास्कसला उतरणार असतील तर आपण इथं दार कशाला राखतो?" असं मी लहानपणी विचारलं होतं.

"आणि चुकून इथं उतरले तर? दाराला कुलूप, आणि किल्लीवाला घरी झोपलेला! काय तोंड दाखवायचं?"

शेवटाबद्दल आमच्या डोंगरावर कुणी घाबरत नाही. उतारावर तिन्ही धर्मांचे लोक पुरलेले आहेत आणि प्रत्येकाला शेवटच्या दिवशी उठण्याच्या रांगेत पहिला नंबर हवा आहे, त्यामुळे इथं जिवंतांपेक्षा मेलेल्यांच्या वाट्याला चांगला देखावा येतो. घुमटात आलेल्या एका परदेशी बाईंनी बाबांना एकदा विचारलं, उतरताना प्रभूंचं तोंड कुठल्या दिशेला असेल. बाबांनी ठशाकडे बोट केलं. "टाच तिकडं आहे. पण उलट्या पावली उतरले तर मी जबाबदार नाही." बाईंनी ते वहीत लिहून घेतलं.

बाबांना सगळे अबू राजी, म्हणजे राजीचे बाबा, म्हणतात. राजी माझा भाऊ, तो अम्मानमध्ये वातानुकूलन यंत्रं विकतो आणि दर ईदला फोनवर रडतो. मी लुबना. डोंगरावरच्याच एका रुग्णालयात रक्त तपासते.

दोन वर्षांपूर्वी माझ्या लक्षात आलं की बाबा चहाच्या पेल्याकडे नीट समोरून बघत नाहीत, मान जराशी उजवीकडे वळवून बघतात. डोळे माझा विषय नाही, पण नजरेचा मधला भाग गेला की माणूस कडेनं बघायला शिकतो, एवढं मला ठाऊक होतं. डॉक्टरांकडे चला म्हटलं तर ते म्हणाले, "मला सगळं दिसतं. तुला पांढरा केस आलाय तोही." केस खरंच आला होता, पण तो त्यांना शेजारणीनं सांगितला होता.

भीती मला समजत होती. घुमटाचा कारभार बघणाऱ्या वक्फच्या कार्यालयाला कळलं असतं तर त्यांनी किल्ली काढून एखाद्या कारकुनाला दिली असती, आणि किल्ली गेल्यावर बाबा किती दिवस राहिले असते हे मला मोजायचं नव्हतं. म्हणून सकाळी कामावर जाण्याआधी आणि दुपारी आल्यावर मी त्यांच्याशेजारी उभी राहू लागले. "बाबा, पायरीवर म्हातारे गृहस्थ आहेत," असं हळूच सांगायचं. मग बाबा मोठ्यानं म्हणायचे, "या आजोबा, पायरी सांभाळा!"

याच कारणानं हातिम थांबला होता. हातिम लुदचा. रुग्णालयांची यंत्रं दुरुस्त करतो. सहा वर्षांपूर्वी आमचं रक्त फिरवायचं यंत्र बिघडलं तेव्हा आला. तिसऱ्या खेपेला हत्यारं आवरता आवरता म्हणाला, "हे आता पाच वर्षं बिघडणार नाही. म्हणजे मला इथं यायला कारण उरलं नाही. लग्न करायचं का?"

मी म्हटलं, "ईदनंतर सांगते." मग राजी येऊन गेल्यावर, मग हिवाळा संपल्यावर, मग बाबांचे डोळे. हातिमनं ओरडून भांडायला हवं होतं. तो गुरुवारी मिठाई घेऊन यायचा आणि बाबांच्या शिव्या खायचा.

"लुद!" बाबा म्हणायचे. "दज्जाल जिथं मरणार तिथं मुलगी देऊ?"

"मरणारच आहे ना अम्मो, मग वस्ती शांत होईल."

"आणि तोवर?"

"तोवर विमानतळाचा आवाज आहे तेवढा."

"बघ, बघ. हा दज्जालच्या बाजूचा आहे. एक डोळा तपास ह्याचा, लुबना."

स्वर्गारोहणाच्या सणाचा आदला दिवस नेहमी बुधवारी येतो, तसा यंदाही आला. वर्षातून या एकाच वेळी सगळे ख्रिस्ती पंथ घुमटाच्या अंगणात तंबू ठोकून राहतात आणि आपापल्या वेदीवर प्रार्थना करतात. अंगणाच्या भिंतीत लोखंडाच्या चौदा कड्या आहेत. कुठली कडी कुणाची हे कुठंही लिहिलेलं नाही. लिहिलं असतं तर लिहिणाऱ्यावर खटला झाला असता. ते फक्त किल्लीवाल्याला माहीत असतं, आणि तो मुसलमान आहे म्हणूनच सगळे ऐकतात. शेजारच्या पंथापेक्षा आमचा अल्ला त्यांना जास्त भरवशाचा वाटतो.

बाबा कड्या बोटांनी ओळखायचे. एकीवर कानशीचे तीन ओरखडे, एक डावीकडे पिळलेली, एकीचा गंज फुगलेला. कडी हातात धरायची, रुबाबात म्हणायचं, "ही तुमची," आणि पुढे जायचं. कुणाला वाटायचं, म्हातारा नाटकी आहे.

पण मार्चमध्ये कार्यालयानं भिंतीला चुना लावला होता आणि चौदाही कड्यांना एकसारखा काळा जाड तैलरंग. ते माझ्या डोळ्यांसमोर झालं आणि त्याचा अर्थ माझ्या लक्षात आला नाही. त्या बुधवारी प्रयोगशाळेत अपघाताचे चार रुग्ण आले आणि मला निघायला पाऊण तास उशीर झाला. बाबांनी भिंतीच्या कोपऱ्यापासून कड्या मोजल्या. पहिली कडी फार पूर्वीच तुटून पडली होती, त्यामुळे त्यांची मोजणी दुसरीपासून सुरू व्हायची; आता कामगारांनी तिच्या जागी नवी बसवली होती, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सगळे पंथ एका कडीनं सरकले.

मी फाटकातून आत आले तेव्हा सहा दाढ्या एकमेकींत अडकल्या होत्या. आम्ही घरात पंथांना टोप्यांवरून ओळखतो. उंच टोपीवाल्यांचे अबूना, म्हणजे पाद्री, थेओफानिस आणि भरतकामाच्या टोपीवाल्यांचे अबूना सर्गिस एकाच दोरीला दोन टोकांनी लोंबकळत होते. मधे हातिम उभा होता, कारण तो तंबूंना हात द्यायला आला होता आणि आल्या आल्या कुणीतरी त्याच्या हातात दोरी दिली होती आणि सोडू नकोस म्हणून सांगितलं होतं.

"ही कडी आमची आहे! आजोबांच्या आजोबांपासून आमची आहे!"

"मग तिच्यात आमची दोरी कशी गेली? स्वतः चढली काय?"

"तुमचं सगळंच असं. न बोलावता चढायचं!"

"दोरी सोड, सर्गिस, नाहीतर दाढी सोडणार नाही मी!"

"तू रे कोण?" थेओफानिस हातिमवर ओरडले.

"मी लुदचा."

"मग तुझं इथं काय काम? तुझी वेळ नंतर!"

कुणीतरी मेणबत्तीचा पितळी दांडा उचलला. दुसऱ्यानं पुसायच्या फडक्याची काठी घेतली. बंदोबस्ताला आलेल्या पोलिसांपैकी एकजण फोनवर चित्रण करत होता. अर्धा तंबू ठशाच्या घुमटावर पडला होता आणि त्याखालून धुपाचा धूर येत होता. डोंगर दुभंगायला एवढं पुरेसं होतं, पण तो तसाच राहिला.

"अबू राजी!" सर्गिस गरजले. "तू सांगितलंस ही त्यांची म्हणून. पन्नास वर्षांत चुकला नाहीस. आज काय झालं?"

बाबा भिंतीला पाठ लावून उभे होते. मान उजवीकडे वळलेली. मला वाटलं, आता म्हणतील की विसरलो. ते म्हणाले, "चुकलो नाही. मुद्दाम केलं."

"मुद्दाम?"

"हो. थेओफानिसनी खजुराचा डबा दिला."

"मी?" थेओफानिस किंचाळले. "मी ह्याला पाणीसुद्धा देत नाही!"

"कार्यालयात चाललो मी," सर्गिस म्हणाले. "लाचखाऊ माणसाच्या हातात किल्ली नको. आजच काढायला लावतो."

तेव्हा मला एक गोष्ट पहिल्यांदा नीट कळली. बाबा आंधळे म्हणवून घेण्यापेक्षा चोर म्हणवून घ्यायला तयार होते. आणि किल्ली दोन्हीकडून जाणारच होती. मी त्यांना दोन वर्षं जपलं होतं ते नक्की कशापासून, हे मला सांगता आलं नसतं.

मी हातिमकडे हात केला. "पेचकस आहे?"

त्याच्या खिशात तो नेहमी असतो. दोरी दातात धरून त्यानं तो दिला. मी बाबांच्या जवळच्या कडीवरचा रंग खरवडला, खालच्या बाजूनं, लोखंड लागेपर्यंत. मग त्यांचा हात धरून कडीवर ठेवला.

"बाबा, हात लावून सांगा."

ते माझ्यावर चिडले, हे त्यांच्या मनगटात कळलं. हात ओढून घेतला. पोलिसानं फोन आणखी जवळ आणला. मग त्यांनी स्वतःच हात परत नेला आणि अंगठा कडीखालून फिरवला.

"तीन ओरखडे," ते म्हणाले. "सर्गिस, तुझी. खरवड गं पुढची."

मी खरवडत गेले, ते चाचपत गेले. "पिळलेली. थेओफानिस. ही तुझ्या आधीच्या अबूनांनी रागानं पिळली म्हणतात, खोटं आहे, गाढव बांधलं होतं... ही नवी आहे. ही कुणाचीच नाही. कुणी बसवली ही? सांगायचं नाही का मला?... गंज फुगलेला. ह्यांची. हे आले नाहीत अजून? येतील, जेवायच्या वेळी." तेराही बरोबर सांगितल्या. कुणी हरकत घेतली नाही.

शेवटच्या कडीपाशी सर्गिस हळूच म्हणाले, "अबू राजी, तुला दिसत नाही?"

"दिसतं की. तू जाड झालायस ते दिसतं. कडेनं. तू कडेला खूप आहेस."

"किती दिवस झाले?"

"दोन वर्षं," मी म्हटलं.

"मग बोलायचं नाही का, गाढवा?" थेओफानिस म्हणाले. "आमच्या मठात घंटा वाजवणारा ठार बहिरा आहे. त्याला काढलाय का आम्ही?"

"तरीच ती अशी वाजते," सर्गिस म्हणाले. मग बाबांकडे वळले. "कार्यालयात जातो, पण हे सांगायला, की कारकून पाठवलात तर आम्ही दारात बसू. हा आहे तोवर किल्ली ह्याच्याकडे. येतोस, थेओफानिस?"

"तुझ्याबरोबर नाही. पण मागून येतो."

त्या दोघांचं एकमत झालेलं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. बाबांनी नाक पुसलं, ताठ झाले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आणि माझ्यानंतर लुबना. बाई आहे म्हणून कार्यालय कुरकुर करेल, करू दे. हिला एकेक कडी माहीत आहे. आमची लुबना कुठं जाणार आहे?"

सगळ्या टोप्या माझ्याकडे वळल्या. कुणीतरी "मब्रूक" म्हणून अभिनंदनसुद्धा केलं. हातिमनं दोरी अजून सोडली नव्हती. तो माझ्याकडे बघत नव्हता, गाठीकडे बघत होता.

सहा वर्षं मी कारणं बदलत होते. त्यातलं शेवटचं, सर्वांत मजबूत कारण आता भिंतीपाशी उभं राहून सगळ्यांना टोमणे मारत होतं, आणि त्याला माझी गरज नव्हती. मी पेचकस पुसला.

"मी जाणार आहे, बाबा," मी म्हटलं. "किल्लीसाठी राजीला बोलवा, नाहीतर आणखी कुणाला शिकवा. मी हातिमशी लग्न करतेय आणि लुदला राहायला जातेय."