व्याह्यांचा टॉवेल

मास्तरांना जगात एकच गोष्ट सहन होत नसे: गोल्फची काठी, म्हणजे क्लब, बॉलला भिडतो त्या क्षणी झालेली चूक. बाकी सगळं चालेल. जेवणात मीठ नसलं तरी मुकाट जेवतील. पण बॉल मारताना कुणी मागच्या पायावर रेललेला दिसला की यांचं डोकं फिरलंच म्हणून समजा. अनोळखी माणसालाही थांबवतील, बॉलच्या मागे वीतभर अंतरावर टॉवेलची घडी ठेवतील आणि म्हणतील, "आता टॉवेलला न शिवता मारा." मागे रेललात की क्लब आधी टॉवेलला लागणार. चोर जागच्या जागी सापडतो. गोल्फ शिकवण्यात मास्तरांचं आयुष्य गेलं आणि फटकळ जिभेपायी निम्मे शिष्य.

आणि अशा माणसाला व्याही मिळावेत तरी कसे! फरशांच्या कारखान्याचे मालक, गोल्फचं भयंकर वेड, आणि फटका म्हणजे पातेल्यातून डावाने काहीतरी उपसावं तसा. वजन मागे, मान वर, मनगटं उलटी. बॉल बिचारा गवतातून सरपटत जायचा. वर हे गृहस्थ दुसऱ्यांना शिकवायचे! कारखान्यातले झाडून सगळे मॅनेजर त्यांच्यासारखंच उपसत. पगार त्यांच्याकडूनच घ्यायचा म्हटल्यावर दुसरं काय करणार?

लेकीने आधीच बजावलं होतं. "बाबा, लग्नाला महिना राहिलाय. तोवर काकांच्या खेळावर एक अक्षर काढायचं नाही. माझी शपथ आहे तुम्हाला." लेक दातांची डॉक्टर, भल्याभल्यांना तोंड उघडायला लावणारी, पण बापाचं तिने बंद केलं. मुलगा तिने स्वतःच पसंत केला होता, मास्तरांच्याच शिष्यांतला. जीव होता तिचा त्याच्यावर. मास्तर म्हणाले, "बरं बाई."

मग काय, दर रविवारी तोंड दाबून बुक्क्यांचा मार. व्याह्यांनी चक्क मास्तरांनाच शिकवायला घेतलं. "अहो मास्तर, टॉवेल बॉलच्या मागे कशाला? पुढे ठेवा. बॉलने त्यावरून उडी मारली पाहिजे." टॉवेल पुढे! म्हणजे माणूस बॉल उचलायला जाणार आणि मागे रेलणारच. रोगच औषध म्हणून पाजायचा प्रकार. मास्तर म्हणाले, "वा, हे सुचलंच नव्हतं." आणि घरी येऊन त्यांनी क्लबने गादीला असं झोडपलं की बायको म्हणाली, "अहो, त्या गादीने काय घोडं मारलंय तुमचं?"

पण मनाला खरी टोचणी होती ती होणाऱ्या जावयाची. एकटा असला की टॉवेलला वारासुद्धा लागू न देता बॉल सरळ पाठवायचा. बाप मैदानात आला की हाच पोरगा मागे रेलायचा, हुबेहूब बापासारखा.

"असं का रे करतोस?" मास्तरांनी एकदा विचारलं.

"जाऊ द्या ना मास्तर, बाबांना बरं वाटतं." मास्तर हसले खरे, पण त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

लग्नाआधीच्या शेवटच्या रविवारी लेकही आली. "या सूनबाई, तुम्हालाही शिकवतो," व्याही म्हणाले आणि त्यांनी टॉवेल बॉलच्या पुढे ठेवला. मास्तर गालातल्या गालात हसले. ही पोरगी शाळेत जायच्या वयापासून त्यांच्या हाताखाली तयार झालेली. आता बघा म्हणावं गंमत.

लेकीने क्लब उचलला आणि रेलली की मागे! मान वर, मनगटं उलटी. बॉल टॉवेलवर आपटून तिथेच थांबला.

"अगं बाई, कित्ती अवघड आहे!" ती लाडिक हसली. "काका, तुम्हाला कसं हो जमतं?"

शपथ गेली खड्ड्यात. मास्तर कडाडले, "वजन पुढे! लाज नाही वाटत? हे शिकवलं मी तुला? उचल आधी तो टॉवेल! पुढे टॉवेल ठेवणं म्हणजे शुद्ध मूर्खपणा आहे!"

व्याही लालबुंद. "म्हणजे मी मूर्ख?"

"तुम्ही नाही हो. तुमचा फटका," मास्तर म्हणाले. त्यांच्या मते ही माफी होती.

लेक बापाकडे बघत राहिली. मग तिने टॉवेल उचलून बॉलच्या मागे ठेवला आणि मारला. टक्! बॉल थेट लांबच्या झेंड्यापाशी. तिने टॉवेलपुढे दुसरा बॉल ठेवला आणि क्लब होणाऱ्या नवऱ्याच्या हातात दिला. "आता तू. एरवी मारतोस तसाच."

पोराने बॉलकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, मग वडिलांकडे. वडील हाताची घडी घालून उभे. मास्तर मनातल्या मनात गयावया करत होते: मार रे बाबा, एकदाच मार! त्याने क्लब वर नेला, खाली आणला, आणि बॉलपेक्षा टॉवेलच लांब गेला.

"शाब्बास!" व्याही म्हणाले. "याला म्हणतात फटका."

"बाबांचंच बरोबर आहे," पोरगा लेकीची नजर चुकवत म्हणाला. तिने बोटातली अंगठी काढली, त्याच्या हातावर ठेवली आणि ती चालू लागली.

गाडीत बसल्यावर मात्र तिचा बांध फुटला. मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "चुकलं गं माझं," ते म्हणाले. "माझ्या या मेल्या जिभेने तुझं लग्न मोडलं. शपथ पाळायला हवी होती."

"पाळलीत की महिनाभर!" लेक डोळे पुसत भडकली. "तो बापासमोर कसा मारतो ते तुम्हाला पहिल्याच रविवारी दिसलं होतं ना? मग बोलला का नाहीत?"