एकदा म्हणजे डावीकडे

"डोकं नाही हलवायचं, लाहूदादा. नुसते डोळे," म्हणत डॉक्टर योगितांनी त्याची हनुवटी यंत्राच्या पट्टीवर टेकवली. पडद्यावर ठिपका डावीकडे उमटला की बघायचं उजवीकडे, उजवीकडे उमटला की डावीकडे. मेंदूला मार असेल तर डोळे ऐकत नाहीत, ठिपक्यामागेच धावतात.

आठ दिवसांपूर्वी लाहू वाडीत चिकूच्या झाडावरून डोक्यावर आपटला होता. तेव्हापासून 'मी बरा हाय' हा त्याचा एकच धोशा.

सरावाला तो दोनदा चुकला. मागच्या बाकावर बसलेल्या त्याच्या बायकोचा, रूपीचा जीव खालीवर झाला. पुढचा ठिपका डावीकडे उमटला आणि तिची जीभ आपसूक टाळूला लागली. टक् टक्.

बारा वर्षं तो फांदीवर नि ती खाली. पानांच्या सळसळीत हाक पोचत नसे, म्हणून ती जिभेने चिकू दाखवी. एकदा म्हणजे डावीकडे, दोनदा म्हणजे उजवीकडे. आताही लाहूचे डोळे मुकाट उजवीकडे गेले.

"पाली फार झाल्यात इथे," डॉक्टर छताकडे बघत म्हणाल्या.

रूपीची जीभ शेवटच्या ठिपक्यापर्यंत वाजत राहिली. परीक्षा संपली.

"छान! एकही चूक नाही. खुशाल कामाला लागा."

"उद्याच शेंड्यावर चढतो," लाहू हसून म्हणाला.

रूपी बाकावरून उठली.

"मॅडम, पाल नव्हती ती. मीच व्हते, ह्याला बाजू दावत."

"तू गप ना, रूपी!" लाहू खेकसला.

परीक्षा पुन्हा झाली. या वेळी रूपीने पदराचा बोळा तोंडात धरला होता. दहातल्या सात वेळा लाहूचे डोळे ठिपक्यामागे पळाले, आणि प्रत्येक चुकीनंतर तो मान न हलवता क्षणभर कानोसा घेई. रूपीच्या डोळ्यांना धार लागली, पण पदर तिने सोडला नाही.

"निदान महिनाभर झाडावर चढायचं नाही. मग पुन्हा तपासू," डॉक्टर म्हणाल्या.

लाहूने दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी रूपी जमिनीवरूनच चिकू काढत होती, काठीला जाळी बांधलेली बेडणी घेऊन. तो पालथ्या क्रेटवर फुगून बसला होता. तिने बेडणी वर नेली, तोच मागून आवाज आला.

टक्.

एकदाच. चिकू तर उजवीकडे लोंबत होता, चांगला मुठीएवढा. रूपीने बेडणी डावीकडे नेली आणि रिकाम्या पानांत जरा हलवली.

"गावला काय?" लाहूने विचारलं.

"गावला," रूपी म्हणाली. "दुसरा दाव."